बसून बोलू

जेल रोडच्या शोरूममध्ये आम्ही अकरा जणी.
सकाळी साडेदहाला उभ्या राहतो
ते रात्री नऊला आपल्याला पाय आहेत हे आठवेपर्यंत.
गिऱ्हाइकांना गुबगुबीत सोफा,
साड्यांना मलमलीचं अस्तर,
गणपतीला चांदीचा पाट,
आणि आम्हाला: "बैठोगी तो सुस्त लगोगी."

मी कॉलेजात वादविवादाच्या ढाली आणलेली बाई.
रामबागेतल्या हॉलात, पंखा बंद करून
(आवाज पोचावा म्हणून),
स्त्री-पुरुष समतेवर सात मिनिटं बोलले होते.
परीक्षकांनी शेरा लिहिला: संयत.
तो शब्द मी दागिन्यासारखा
वीस वर्षं अंगावर बाळगला.

म्हणून अर्ज लिहिला.
शुद्ध हिंदीत, चार मुद्दे,
डावीकडे समास सोडून.
त्यात आमच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा होत्या,
डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली,
तृप्ती खेरचा सातव्या महिन्यातला रक्तस्राव होता.
तो मी "असुविधा" असा लिहिला.

छोटे सेठ म्हणाले, आपकी भाषा बहुत अच्छी है.
दिवाळीनंतर बघू.
तीन दिवाळ्या गेल्या.
तिसरीनंतर त्यांनी माझ्याकडून
लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून घेतला.

निकिता चौकसे आली तेव्हा एकोणीस वर्षांची.
तिला समास माहीत नव्हता.
एका मंगळवारी, ऐन लगनसराईत,
ती काउंटरच्या अलीकडे आली
आणि खाली बसली. फरशीवर.
घोषणा नाही, काही नाही.
सँडलचा पट्टा सोडून
अंगठा चोळत राहिली.

समोरच्या बाईंच्या हातात अर्धी उलगडलेली महेश्वरी.
मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू.
असं नसतं करायचं पोरी,
आधी मुद्दा मांडायचा, आणि मग...
मग काय, ते मला आठवेना.
त्या "मग"पाशीच
मी तीन वर्षं उभी होते.

गुडघे वाजले. बसले.
माझ्यामागून तृप्ती, भिंत धरून,
मग जमीला, मग एकेक करत बाकीच्या.
फरशी इतकी गार असते
हे अकरा वर्षांत कळलं नव्हतं.
पोछा मारणाऱ्या रेखाला माहीत होतं.
ती म्हणाली, सरका जरा, तिथं ओलं आहे.

छोटे सेठ जिन्यावरून धावत आले.
"अरे, तमाशा क्यों? बैठ के बात करते हैं."
आणि गल्ल्यामागे बसले.
आमच्या मजल्यावर
खुर्ची तेवढी एकच.

कुणीतरी फिसकन हसलं.
मग सगळ्याच.
महेश्वरीवाल्या बाईसुद्धा.

हसू ओसरल्यावर निकितानं माझ्याकडे पाहिलं.
"आता बोला ना ताई," ती म्हणाली,
"मला नाही येत."

तेच चार मुद्दे होते.
तीन वर्षं पाठ असलेले.
फक्त "असुविधा"च्या जागी मी रक्त म्हणाले,
आणि आवाज चढला.
परीक्षकांनी गुण कापले असते.

स्टुलं आली. लाल, प्लॅस्टिकची, तीन.
अकरा जणींना तीन.
"बारा," रेखा म्हणाली, बादली खाली ठेवत.

आता रोज दुपारी आमच्यात वाद पेटतो:
कुणाची पाळी, कुणाची कंबर,
वयानं ठरवायचं की नोकरीच्या वर्षांनी,
आणि जमीलानं काल वीस मिनिटं का घेतली.
निकिता म्हणते, नऊ अजून हवीत,
उद्या परत बसू.
मी म्हणते, थांब, आधी अर्ज लिहू दे.

लिहा की, ती म्हणते.
खाली बसून लिहा.